जुनी प्रत बाकी

उस्मानचाचांशी माझी ओळख भांडणातून झाली, आणि त्या भांडणात चूक सर्वस्वी माझी होती. हे मी आज कबूल करते. त्या दिवशी मात्र ‘त्या म्हाताऱ्याला आधी घरी बसवा’ असं म्हणत मी कारखानाभर फणफणत फिरले होते.

महाडच्या एमआयडीसीत आमचा कारखाना. रसायनांच्या कंपन्यांत मोठमोठ्या बंद टाक्या असतात, रिअ‍ॅक्टर म्हणतात त्यांना. त्यांच्यात माल ढवळायला ताकातल्या रवीसारखं एक यंत्र सतत फिरत असतं. त्या रवीचा शाफ्ट, म्हणजे उभा पोलादी दांडा, आणि तिचा गिअरबॉक्स आम्ही बनवतो. मी तिथे क्वालिटीला लागले तेव्हा कॉलेजातून नुकतीच बाहेर पडले होते. डोक्यात पुस्तकं होती आणि जिभेला हाड नव्हतं. पहिल्याच आठवड्यात एका शाफ्टचं ड्रॉइंग, म्हणजे नकाशा, हवं होतं म्हणून ड्रॉइंगच्या खोलीत गेले. खिडकीआड पांढऱ्या, कडक इस्त्रीच्या पूर्ण बाह्यांच्या शर्टातला, बारीक कातरलेल्या दाढीचा एक माणूस बसला होता.

“प्रत मिळंल,” ते म्हणाले. “हितं सही कर. काम झालं की परत आनून दे.”

सही-बिही कशाला, दोन मिनिटांचं काम, असं म्हणून मी खिडकीवर ठेवलेल्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढला. माणूस ताडकन खुर्चीतून उठला.

“पुसून टाक तो.”

“का? कंपनीचंच काम करतेय ना मी?”

“उद्या ह्यो नकाशा बदलला, तर दिलेल्या सगळ्या प्रती मी गोळा करीन. तुझ्या त्या फोटोला कोन सांगनार, की बाबा रे, तू आता रद्द झालास?”

मी आवाज चढवला. त्यांनी चढवला नाही. हात खिडकीवर ठेवून ते फोटो पुसायची वाट बघत उभे राहिले. शेवटी आमच्या शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि फोटो पुसायला सांगितलं. पुसला, काय करणार! महिनाभर मी त्या खिडकीवरनं जाताना मान वळवून जात असे. चाचा मात्र रोज सकाळी “काय गो बाय, जेवनाचा डबा आनलास का?” असं विचारत. त्यांच्या डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकट ठरलेली, आणि ईदनंतर सांदणं. पहिली ईद आली तेव्हा माझ्या टेबलावर सांदणांचा डबा आला आणि आमचं भांडण मिटलं.

चाचा तुडीलचे, सावित्रीकाठचे. आडनाव देशमुख. पुण्याचा कुणी पाहुणा “देशमुख?” म्हणून भुवई उंचावायचा, तेव्हा चाचा शांतपणे “हां, देशमुख. कोकनातले,” एवढंच म्हणायचे. त्यांच्या गावातले निम्मे पुरुष आखातात गेले, तसेच तेही गेले होते. कुणी ड्रायव्हर झालं, कुणी दुकानात राहिलं. चाचा एका तेलकंपनीची यंत्रं जोडायच्या यार्डात लागले आणि नकाशे सांभाळायचं काम शिकले. पुष्कळ वर्षं तेच केलं. तिथली एकच हकीकत ते सांगत, तीही फार क्वचित. एका वेल्डरच्या खिशात जुना कागद राहिला होता. त्याने त्यावरून पाइप जोडला. पाइप फुटला, दोन माणसं भाजून गेली. “एक आपल्या दापोलीकडचा व्हता,” चाचा म्हणत, “कागदात खोट नव्हती. कागद जुना व्हता, येवढंच.” एवढं बोलून ते पेनाचं टोपण लावत आणि कामाला लागत.

त्यांचा नियम एका ओळीचा होता: जुनं द्या, मग नवं घ्या. नकाशात बदल झाला की कारागिराने आपल्याजवळची जुनी प्रत खिडकीवर आणून द्यायची. चाचा तिच्यावर ‘रद्द’चा शिक्का मारत आणि तुमच्या डोळ्यांदेखत कात्रीने तिचा कोपरा उडवत. मग नवी प्रत हातात. हे सगळं एका जाडजूड वहीत उतरायचं: कोणता नकाशा, कितवा बदल, कुणाला दिला, त्यावरून कोणत्या नंबरचे शाफ्ट झाले. आणि शेवटचा रकाना, जुनी प्रत परत आली का. तो रकाना ते लाल पेनाने भरत. पोरं खिदळायची, चाचांनी सलून उघडलंय म्हणायची. चाचांना त्याचं काही वाटायचं नाही.

या थट्टेत पुढे असायचा तो तुकाराम उतेकर. पोलादपूरच्या वर, आंबेनळीच्या बाजूला डोंगरावर त्याची वाडी. घरी म्हातारी आई, बायको, मुलगी आणि चार म्हशी. लेथवर, म्हणजे पोलाद कातायच्या यंत्रावर, त्याच्यासारखा हात आमच्याकडे दुसरा नव्हता. पोलाद कापताना नुसत्या आवाजावरून तो सांगायचा, की हत्यार बोथट झालंय. उतेकर खिडकीवर आला की म्हणायचा, “चाचा, माझ्या म्हशीचा बी येक नकाशा काढा. दरसाली बदलतेय ती.”

“काढतो की,” चाचा मान वर न करता म्हणायचे. “आधी जुनी म्हस जमा कर.”

शेठ माणूस चांगला, पण धंद्याचा हिशेबी. त्यांना ती खोली खुपायची. “या खोलीतून एक किलो माल बाहेर पडत नाही, मग एवढी जागा कशाला?” असं ते मला दोनदा म्हणाले होते. मग पुराचं वर्ष आलं. चाचा दर जूनला सगळे मूळ नकाशे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून झाकणाच्या निळ्या पिंपांत भरत आणि पिंपं माळ्यावरच्या तुळईला दोरखंडाने बांधून ठेवत. एमआयडीसीत निळ्या पिंपांना काय तोटा! ‘चाचांनी लोणचं घातलं’ असं आम्ही म्हणायचो. त्या वर्षी पाणी खिडक्यांच्या वर गेलं. शेठच्या मुलाने हौसेने बसवलेले कॉम्प्युटर चिखलात गेले. तिसऱ्या दिवशी रस्ता जरा मोकळा झाल्यावर चाचा गुडघाभर चिखल तुडवत आले, माळ्यावर चढले आणि पहिल्या पिंपाचं झाकण उघडलं. आत कागद कोरडे ठणठणीत होते. आजूबाजूचे कारखाने आपलेच नकाशे गिऱ्हाइकांकडे मागत फिरत होते तेव्हा आमची यंत्रं पुसून चालूसुद्धा झाली होती. एक जुनं गिऱ्हाईक, ज्याचा पंप आम्ही कधीकाळी बनवला होता, त्याला घाईने सुटा भाग हवा होता. दुसरे सगळे ‘नमुना पाठवा’ म्हणत होते. चाचांनी नकाशा काढून दिला, वर सांगितलं, “ह्यांच्या पंपाचं भोक आपन तेव्हा सरकवलं व्हतं, तळटीप बघा.” ते गिऱ्हाईक पुन्हा आमचं झालं. शेठ त्यानंतर खोलीबद्दल काही बोलले नाहीत.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते.

शाफ्ट जिथे जाडाचा बारीक होतो तिथे एक खांदा असतो. त्या खांद्याच्या कोपऱ्यात गोलाई ठेवावी लागते. कोपरा टोकदार राहिला तर फिरून फिरून नेमका तिथेच तडा जातो. एका मोठ्या गिऱ्हाइकाला जास्त भाराच्या टाक्यांसाठी चाळीस शाफ्ट हवे होते, म्हणून आम्ही गोलाई वाढवायची ठरवली आणि नवा नकाशा निघाला. पावसाळा सरता सरताची गोष्ट. चाचा नवी प्रत घेऊन स्वतः उतेकरच्या लेथपाशी गेले. जुनी प्रत उतेकरच्या हत्यारांच्या कपाटात, कपाटाला कुलूप. उतेकर किल्ली काढतोय तोच वाडीवरून फोन आला. आई गेली. मी तेव्हा पलीकडेच उभी होते. एवढा आडदांड माणूस, पण त्याच्या हातातली किल्ली कुलपाला लागेना.

चाचांनी त्याच्या हातातली किल्ली काढून त्याच्याच खिशात घातली. “जा तू. जा आधी. कागदाचं मागनं बघू.” नवी प्रत त्यांनी लेथवरच्या फळीवर ठेवली, खोलीत येऊन वही उघडली आणि शेवटच्या रकान्यात लाल अक्षरात लिहिलं: जुनी प्रत बाकी.

उतेकर दिवसकार्य उरकून आला तो डोकं भादरून, निम्मा होऊन. कामाला लागला. कपाट उघडलं, नेहमीचा, त्याच्याच पेन्सिलीच्या खुणांचा कागद काढला आणि शाफ्ट कातायला सुरुवात केली. परतल्यावर नकाशा बदलल्याची आठवण त्याला कुणी करून दिलीच नव्हती. फळीवरची नवी प्रत कामाच्या चिठ्ठ्यांखाली गेली. पुढे चिठ्ठ्या उपसताना त्याला ती सापडली, आणि बदल आत्ताच आला असेल असं समजून तेव्हापासून तो नव्यावरून काम करू लागला. जुनी प्रत कपाटात तशीच राहिली. आणि मी तपासणीत काय पाहिलं? लांबी पाहिली, जाडी पाहिली. खांद्याच्या कोपऱ्यात गोलाई मोजायचा गेज घातलाच नाही. हेही आज सांगून टाकते.

दहा महिन्यांनी गिऱ्हाइकाच्या कारखान्यात टाकी दुरुस्तीला उघडली तेव्हा शाफ्टच्या खांद्याला तडा दिसला. नशीब, तुटला नव्हता. तो चालू टाकीत तुटला असता, ढवळणं थांबलं असतं आणि आत उष्णता साठत गेली असती तर काय झालं असतं, ते महाडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. गिऱ्हाइकाचा निरोप आला: आमच्याकडे तुमचे चाळीस शाफ्ट चालू आहेत. यातले खराब कोणते ते सांगा. सांगता येत नसेल तर चाळीसही काढतो आणि तुमचं नाव यादीतून काढतो.

शाफ्टवरच्या नंबरावरून लेथ कळला. उतेकरचं कपाट उघडलं, त्यात जुनी प्रत निघाली, कोपरा शाबूत. शेठ भडकले.

“लपवून ठेवला होतास हा कागद? खिडकीवर जमा करायला काय झालं होतं?”

उतेकरने कागद उलटसुलट करून पाहिला. “साहेब, आठवत नाय,” तो म्हणाला. “खरंच आठवत नाय वो.” त्याला खरंच आठवत नव्हतं. आई गेल्याचा फोन येण्याआधीची ती पाच मिनिटं त्याच्या डोक्यातून साफ पुसली गेली होती. शेठनी त्याला उद्यापासून गेटवर यायचं नाही म्हणून सांगितलं. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, मुलगी लग्नाची होती, आणि कामचोरीचा नव्हे तर लपवाछपवीचा शिक्का घेऊन तो डोंगरावर परत जाणार होता. एवढ्याशा एमआयडीसीत अशी गोष्ट संध्याकाळपर्यंत सगळ्या गेटांवर पोचते.

दुपारी शेठ, मी आणि चाचा ड्रॉइंगच्या खोलीत होतो. चाचांनी वही उघडून शेठपुढे सरकवली. शेठनी ती लाल ओळ वाचली. चष्मा काढला, पुसला, परत वाचली.

“चाचा,” ते हळू आवाजात म्हणाले, “हे तुमच्यावर येतंय.”

“हां.”

“उद्या त्यांचा अधिकारी येतोय. या खोलीवर विश्वास म्हणून ते आपल्याकडे आहेत. तुमच्यावर आलं तर सगळंच आलं.” मग त्यांनी वही परत चाचांकडे सरकवली. “ही पानं नवीन लिहून काढा. त्या रकान्यात ‘परत’ असं लिहा. उतेकरकडे अजून एक प्रत होती, त्याने दडवली, असं होईल. त्याचं मी मागून काहीतरी बघतो.”

शेठ वाईट हेतूने बोलत नव्हते. त्यांना चाचांना वाचवायचं होतं आणि सत्तर माणसांचा कारखाना वाचवायचा होता. आणि मी? मीही म्हटलं, “चाचा, लिहा ना. एका शब्दाचा तर प्रश्न आहे.” हेही माझंच वाक्य.

चाचा माझ्याकडे वळले. रागावले असते तर बरं झालं असतं.

“बाय, ह्या वहीत येक ओळ खोटी लिवली, तर त्या सहांची ओळ कोन खरी मानंल? आनि मी तरी कशी मानू?”

“कोणते सहा?” शेठनी विचारलं.

“जुन्या प्रतीवर सहा शाफ्ट झाले. कुठला शाफ्ट कितव्या बदलावरनं केला ते उतेकरनं दर चिठ्ठीवर लिवलंय, त्या चिठ्ठ्या हितं हायत. सातव्यापासून नवी प्रत.” त्यांनी वहीवर हात ठेवला. “उतेकरनं काय लपवलं नाय, शेठ. त्याची आई गेली व्हती, मीच जा म्हटलं. पंधरा दिवसांनी डोकं भादरून समोर उभा राहिला, तेव्हा कागद माग असं मन म्हनत व्हतं, पन तोंड उघडंना. मंग पान उलटलं. आयुष्यभर दुसऱ्यांना टोकत आलो, आनि माझंच राहून गेलं.” एवढं बोलून त्यांनी लाल पेनाचं टोपण लावलं.

दुसऱ्या दिवशी अधिकारी आले. चाचांनी वही त्यांच्यापुढे ठेवली, स्वतःच्या ओळीवर बोट ठेवलं, आणि “ही चूक माझी,” असं म्हणून सहा नंबर वाचून दाखवले.

“यावर विसंबून मी चौतीस टाक्या चालू ठेवायच्या?” अधिकाऱ्यांनी विचारलं. “तिथे माणसं काम करतात.”

“मला म्हाईत हाय, साहेब. त्यातली दोन-चार माझ्या गावची हायत. वहीतलं कुठलं बी पान काढा आनि नकाशाशी ताडून बघा.”

अधिकाऱ्यांनी खरंच ताडून पाहिलं. दोन तास. मधूनच कुठलं तरी पान उघडायचे, नंबर सांगायचे, आणि चाचा तो नकाशा काढून द्यायचे. चहा तसाच गार झाला. शेवटी त्यांनी वही मिटली आणि, सहांतली एक टाकी आधीच उघडी होती म्हणून, उरलेल्या पाचच थांबवायला फोन केला. त्या सहांतल्या आणखी दोन शाफ्टना बारीक तडे निघाले. बाकीचे चौतीस चालू राहिले, काम आमच्याकडेच राहिलं, आणि उतेकर चौथ्या दिवशी आपल्या लेथवर परत आला.

पण गिऱ्हाइकाला कागदावर उत्तर हवं होतं. चूक कुणाची आणि त्यावर काय केलं, असा एक फॉर्म असतो. तो भरायचं काम क्वालिटीचं, म्हणजे माझं. मी गेजचं लिहायला गेले, तर शेठ म्हणाले, एका वेळी एकच कारण द्या, गोंधळ नको. मी ती ओळ पुसली. चाचांनी शेजारी उभं राहून मजकूर सांगितला आणि मी त्यांचं नाव टाइप केलं. त्यांना त्या खुर्चीवरून हलवावं अशी अट आली. शेठनी त्यांना दुसरं टेबल देऊ केलं. चाचा नाही म्हणाले. “मला येकच काम येतं,” असं म्हणाले, आणि आठ दिवस मला एकेक खण उघडून दाखवत राहिले. कॉम्प्युटरवर सगळं चढवताना त्यांनी एकच गोष्ट बजावली, की जुनी प्रत जमा झाल्याशिवाय नवी उघडताच येऊ नये असं कायतरी कर. ते मी केलं. निघायच्या दिवशी उतेकर खिडकीवर आला आणि पाया पडायला वाकला. चाचांनी त्याला दंडाला धरून उभं केलं, “अरे, कायतरीच काय!” म्हणून पाठीवर एक थाप मारली आणि छत्री घेऊन निघाले.

त्यानंतर वर्षभर मी त्यांना भेटले नाही. भेटायला तोंड नव्हतं. तुडील ते किती लांब! पण रोज उद्या, उद्या.

मग एका रविवारी आम्ही घरची मंडळी महाबळेश्वरला निघालो होतो. घाट चढायच्या आधी पोलादपूरला चहाला थांबलो, तर पलीकडे वर जाणाऱ्या जीपपाशी चाचा उभे. तोच पांढरा, इस्त्रीचा शर्ट. अंगाने बरेच सुकलेले. मी रस्ता ओलांडून धावत गेले.

“चाचा, तुम्ही इथे?”

“उतेकरच्या पोरीचं लगीन हाय, वरती. तू कशी हायस, बाय?”

मी वर्षभर मनात घोळवलेलं सगळं एका दमात बोलायला लागले. गेजचं, फॉर्मचं, त्या दिवशी ‘लिहा ना’ म्हटलं त्याचं. जीपवाला हॉर्न वाजवत होता. चाचांनी हात वर करून मला थांबवलं. ते काही ऐकत नव्हतेच. त्यांना दुसरंच काहीतरी विचारायचं होतं आणि धीर होत नव्हता, हे मला तेव्हा दिसलं. जीपचा दांडा त्यांनी घट्ट धरला होता.

“बाय,” ते म्हणाले, “सातवा निघाला नाय ना?”

“नाही, चाचा. सहाच होते. सगळ्या टाक्या उघडून झाल्या वर्षभरात. सहाच.”

त्यांनी डोळे मिटले. ओठ हलले, “अल्हम्दुलिल्लाह” एवढं ऐकू आलं. दांड्यावरची बोटं सैल झाली. वर्षभर हा माणूस एवढा एकच घोर घेऊन तुडीलला बसला होता, कुणाला विचारायला भीत होता, आणि मला मेलीला एक फोन करायचं सुचलं नव्हतं.

जीप सुटली. घाटाच्या वळणाला लागेपर्यंत मी बघत उभी राहिले. चाचांनी मागे वळून पाहिलं नाही. शेजारच्या बाईची टोपली मांडीवर घेऊन ते तिला बसायला जागा करून देत होते.